दगड उकळू नकोस

लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र नि फोटो पोचले. खुशाली नंतर विचारतो, आधी तुझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले नको ते जीव मारायला तो दगड उकळायचा बेत रद्द कर. दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगू दे. तुझ्या मधल्या दगडावर जे बटन पॉलिप, म्हणजे बटणासारखे प्रवाळाच्या गोतातले जीव आहेत ना, त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते उकळून मरत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जातं. परदेशात असे दगड घरात उकळून किंवा घासून घरातली सगळी माणसं दवाखान्यात भरती झालीत. ताप, खोकला, धाप. तुझ्या स्वयंपाकघरात काकू दिवसभर असतात, एवढं ध्यानात ठेव. तो दगड नुसता हलवायचा असला तरी हातमोजे नि डोळ्यांना चष्मा हवाच.

आता तुझ्या त्या "काचेच्या फुलां"बद्दल. ते एप्टेशिया, तणासारखं पसरणारं छोटं समुद्रफूल. तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब मिशांचं, सावली पडली की भोकात गडप होणारं. तू चिमट्यानं ओढून काढायलास असं लिहिलंस. बंद कर ते. ही सरळ हरळी आहे बघ: कुळव घातला की प्रत्येक तुकड्याला नवा कोंब. एप्टेशियाच्या तळाचा कण जरी दगडाला राहिला तरी त्यातून नवं उगवतं, म्हणून तुझी आधीपेक्षा वाढलीत.

त्याला मारायचं ते चुन्यानं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात तोच पदार्थ. पण टपरीवरची डबी घेऊ नकोस, त्यात आणखी काय आहे कुणास ठाऊक. केमिकलच्या दुकानातून शुद्ध पावडर आण, आरओच्या पाण्यात दह्याइतकी घट्ट कालव आणि सिरिंजमध्ये भर. पंप बंद कर. मग सुई न टोचता, अगदी हळू, त्याच्या तोंडावर सोड. घाई केलीस की ते आत ओढून घेणार. खायला आलं असं समजून ते थांबलं की वरून पूर्ण झाकून टाक, भोकासकट. दहा-पंधरा मिनिटांनी पंप चालू. चुन्यानं पीएच चढतो, त्यामुळे तुझ्या तीन फुटी टँकमध्ये एका दिवशी चार-पाचच, जास्त नाही. शेजारच्या प्रवाळावर सांडू देऊ नकोस, आणि डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्यानं धू.

फार पसरलेलं असेल तर पेपरमिंट कोळंबी ठेव. पण दुकानात तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात मारतात. पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक, अंगावर बारीक लाल रेघा. कॅमलचे डोळे मोठे, पाठीला पोक, लाल-पांढरा ठळक पट्टा, आणि ती तुझे बटन पॉलिपच खाईल. पेपरमिंटसुद्धा खाईलच अशी खात्री नाही, काही नुसत्या बसून राहतात. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय मात्र एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. ते संपलं की बिचारी उपाशी मरते. एप्टेशियासाठी कॉपरबँड मासा घेऊ नकोस. दिसतो देखणा, पण खायला लावता लावता जीव जातो, त्याचा नि आपलाही.

रात्री टॉर्चमध्ये दिसणाऱ्या केसाळ अळीला घाबरायलास, पण ती ब्रिसल वर्म, खाली पडलेलं उरलंसुरलं खाते. राहू दे. फक्त उघड्या हातानं धरू नकोस, काटे कातडीत रुततात, ते चिकटपट्टीनं निघतात. फारच झाल्या असतील तर तू दाणापाणी जास्त टाकतोस एवढाच त्याचा अर्थ.

काचेवरचे गंजाच्या रंगाचे ठिपके मात्र मला आवडले नाहीत. ते चपटे लाल कृमी. बारीक नळीनं जमतील तेवढे आधी शोषून काढ, मगच औषधाचा विचार. त्यांच्यावर लेवामिसोल चालतं, तेच जे गावाकडं शेळ्यांना जंतासाठी पाजतात. पण जनावरांच्या बाटलीत दुसरंही काही मिसळलेलं असतं, ती ओतू नकोस. आणि हे कृमी मरताना विष सोडतात. खूप असताना एकदम मारलेस तर मासेच जातील. फिल्टरमध्ये कार्बन, म्हणजे विष शोषणारा कोळसा, भरून नि बदलायचं पाणी तयार ठेवूनच करायचं ते.

हिरवे फुगे, म्हणजे ते फुग्यासारखं शेवाळ, हातानं, न फोडता, मुळापासून काढ. झालं.

पाण्याचं विचारलंस. बोअरचं पाणी वापरू नकोस, त्यातला नायट्रेट शेवाळाला खतच होतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, म्हणून "इथं समुद्र कशाला पाळतोस" असं लोक मला अजून टोमणे मारतात. मी आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला नि संडासला वापरतो, तूही तेच कर. मे महिन्यात टँकचं पाणी भराभर उडतं, मीठ तिथंच राहतं, तेव्हा वरून भरताना साधं आरओ. घनता १.०२५ च्या आसपास राहिली पाहिजे.

पुढचं प्रवाळ थेट टँकमध्ये जाऊ देऊ नकोस. बादलीत टँकचंच पाणी घेऊन कीड मारायला त्याला आयोडीनची आंघोळ घाल. किडीची अंडी त्यानं मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं पुन्हा. अमेरिकेत काहीजण त्याला कीटकनाशक वापरतात, आपण कपाशीवर मावा-तुडतुड्याला मारतो ते इमिडाक्लोप्रिड. तुझ्या घरात डबा पडलाच असेल, पण नको. चुकून थोडं जरी टँकमध्ये गेलं तर कोळंब्या नि खेकडे गेलेच समज. आणि "अंदमानचा माल आहे" म्हणून कुणी दगडी प्रवाळ दाखवला तर हात लावू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे.

पुढच्या रविवारी परभणीला येतोय. सिरिंज नि चुना मी आणतो, तू आरओचं पाणी साठवून ठेव आणि तोवर खाणं निम्मं कर. कोळंबी घ्यायच्या आधी दुकानातूनच फोटो पाठव. वहिनींना सांग, जेवायला आहे. काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत