अंकल, पट्टी बदलली तेव्हा

प्रिय अंकल,

खालच्या मजल्यावरच्या माणसाला पत्र कसलं लिहितोस, असं म्हणाल. पण समोर आलो की तुम्ही आभार मानूच देत नाही, विषय चहावर नेता. म्हणून हे चारचौघांत.

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी तावातावाने बोललो होतो. 'बॉडी अँड सोल' म्हणे जॅझमधलं अजरामर गाणं! जॉनी ग्रीनची १९३० सालची चाल. आणि कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ला न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवर ती वाजवली, तर सुरुवातीच्या ओळी जेमतेम ओळखू येतात, पुढे चालीचा पत्ताच नाही. तीन मिनिटं नुसतं भरकटणं, असं मी म्हटलं.

तुम्ही वाद घातला नाहीत. माझीच पेटी पुढे ओढलीत, काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, बोट ठेवलंत आणि म्हणालात, "इथे घर." मग रेकॉर्ड लावून टेबलावर बोटांनी बार, म्हणजे चार-चार मात्रांचे तुकडे, मोजायला लावलेत. आठ बार ध्रुवपद, पुन्हा आठ, मग अंतरा, परत ध्रुवपद. बत्तीस झाले की दुसरं आवर्तन. हॉकिन्स दोन आवर्तनं वाजवतो, चौसष्ट बार, आणि एकदाही मोजणी चुकत नाही. भरकटत होतो तो मीच.

पण खरी गंमत अंतऱ्यात. तिथे तुमचं बोट काळी एकवरून पांढरी दोनवर सरकलं, चार बारांनी पांढरी एकवर उतरलं, आणि शेवटी अलगद घरी. षड्जच हलला! आपल्याकडे गवयाने असं केलं तर तंबोऱ्यावरचा शिष्य उठून जाईल. लहानपणापासून स्थिर सा ऐकलेल्या माझ्या कानाला पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. परत काळी एक आली तेव्हा तीच ओळ, पण दमून आल्यासारखी. तुम्ही बोललात काहीच नाही, फक्त सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवलीत. असं चार वेळा.

परवा टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस या गायकांनी २०११ला गायलेलं हेच गाणं ऐकलं. एमीचं ते शेवटचं स्टुडिओ रेकॉर्डिंग. अंतरा जवळ आला तसा मी आपोआप टेबलावर मोजू लागलो. बायको म्हणाली, अंकल शिरलेत अंगात.

तुमची ती रेकॉर्ड अजून माझ्याकडेच आहे. रविवारी घेऊन येतो. चहा मात्र यावेळी माझ्याकडून.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा