पाणपोई कोणासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या नागपुरात चौकाचौकात पाणपोया सुरू होतात, आणि खरंच खूप चांगली पद्धत आहे ही, कोणी काही म्हणो. पण दरवर्षी एक गोष्ट बघतो अन् जीव तुटतो. एप्रिलमधे लाल फडकं गुंडाळलेले चार-पाच माठ, मागे हे एवढं बॅनर, उद्घाटन, फोटो. मग मे अर्धा झाला, पारा ४५ च्या वर गेला की त्याच ठिकाणी फडकं वाळून कडक झालेलं, माठ कोरडे, साखळीला बांधलेला ग्लास धुळीने भरलेला आणि बॅनर मात्र जसंच्या तसं. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मे च्या आसपास लागतो, म्हणजे पाण्याची खरी गरज असते तेव्हाच माठ रिकामे. आणि दुसरीकडे एखाद्या गल्लीत काहीच बोर्ड नसतो पण कोणीतरी बाई रोज सकाळी कळशीने माठ भरते, पार पाऊस येईपर्यंत.

लोक म्हणतात, हेतू काही का असेना बाप्पा, तहानलेल्याला पाणी मिळालं ना. त्या दिवशीपुरतं बरोबर आहे. पण हेतू फोटोचा असेल तर फोटो निघाला की काम संपलं, माठ उद्या कोण भरणार? शेवटी हेतूच ठरवतो की काम किती दिवस टिकेल.

मी हे फक्त पुढाऱ्यांबद्दल लिहीत नाहीये. आपल्या सगळ्यांचंच हे आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण लिहितो, 'अमक्या फ्लॅटची गाडी पुन्हा गेटसमोर, सर्वांच्या सोयीसाठी सांगतोय'. आता फक्त गाडीच हटवायची असती तर माणूस दोन जिने चढून बेल वाजवून आला असता. ग्रुपवर टाकलं म्हणजे गाडीसोबत अजून काहीतरी हवं होतं. मला ही कसोटी फार उपयोगी वाटते, की मी तोंडाने जे कारण सांगतोय तेवढंच खरं असतं तर मी आत्ता काय केलं असतं? पोराला नीटच्या क्लासला घालताना, नातेवाईकाला सल्ला देताना, देणगीच्या पावतीवर नाव लिहिताना विचारून बघा.

आणि हे काही नवीन नाही. आपल्याच गावात दीक्षाभूमी आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला. त्या बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलला, हेच शिकवलं होतं. आरसा कशासाठी असतो असं विचारलं, तो म्हणाला बघण्यासाठी, मग सांगितलं की तसंच काही करायच्या आधी, करत असताना आणि करून झाल्यावरही बघत जा, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होईल का. कृती, बोलणं आणि मन तिन्हीला हेच लागू. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात राहुलला केलेला उपदेश भिक्षूंनीच नाही तर साध्या उपासक-उपासिकांनीही ऐकावा असं कोरून ठेवलं, ते उगीच नाही. मोमिनपुऱ्यातले आपले मुसलमान भाऊही रोजा नियत करूनच, म्हणजे मनात हेतू पक्का करूनच, धरतात.

मला यात ते 'करत असताना' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी आपण सगळे शुद्ध असतो, नंतर पश्चात्ताप करायलाही सोपं जातं, पण मधेच थांबून, मेसेज अर्धा टाइप झालेला असताना, 'हे मी कशासाठी लिहितोय' विचारणं, तिथे माणूस खरोखर बदलतो. हेतू शंभर टक्के शुद्ध कोणाचाच नसतो, म्हणून चांगलं काम थांबवूही नये. बॅनर लावायचं तर लावा, पण माठ भरायची रोजची पाळी कोणाची हे त्याच दिवशी ठरवा.

संपादक साहेब, एक विनंती आहे. पाणपोयांच्या उद्घाटनाचे फोटो तुमच्याकडे दरवर्षी छापून येतात. यंदा नवतप्यात त्याच ठिकाणी एकदा फोटोग्राफर पाठवा आणि जिथे माठात पाणी असेल त्या पाणपोयांचे फोटो छापा, बोर्ड असो की नसो.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर