चेक फाडायच्या आधी

प्रिय विनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. निवृत्तीच्या पैशातला काही हिस्सा द्यायचा आणि आठवड्यातले दोन दिवसही कुणाच्या तरी कामी लावायचे, हे तू ठरवलंस याचा आनंद झाला. पण शेवटी ‘एखादी चांगली संस्था सुचव’ एवढं लिहून मोकळा झालास, तिथे मी अडलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेस, एकेका पावतीसाठी लोकांना रडवलंस, आणि स्वतःचा पैसा मात्र माझ्या शब्दावर सोडतोस?

नाव मी सुचवणार नाही. आधी माझी फजिती ऐक.

मी दर रविवारी एका बालगृहात शिकवायला जायचो, हे तुला ठाऊक आहे. का सोडलं, हे कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मुलं अशी बिलगली की मी भारावून घरी आलो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी एका मुलाने वहीतून मान वर न करता विचारलं, ‘तुम्ही किती दिवस आहात?’ तक्रार नव्हती त्यात. माझ्याआधी येऊन गेलेल्या दादा-तायांचा हिशेब त्याच्याकडे होता, इतकंच. मी म्हणालो, ‘आता मी आहेच.’ चौथ्या महिन्यात कामाचा व्याप वाढला आणि मी जाणं थांबवलं. निरोपही फोनवरून दिला, तोही कार्यालयात. मुलांना कुणी सांगितलं की नाही, देव जाणे.

पुढे या विषयावर वाचत गेलो तसतसा ओशाळत गेलो. जगभरातल्या अनाथालयांमधल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, कुणीतरी एक हयात असतं. मुलं तिथे येतात ती मुख्यतः गरिबीमुळे. काही देशांत तर पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा याही प्रकाराची चर्चा झाली होती. मी जायचो ते बालगृह तसं नव्हतं, माणसं प्रामाणिक होती. पण तीच मदत मुलाच्या घरी पोचली असती तर तो घरीच राहिला असता का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मला ते बिलगणं हवं होतं रे. त्याचा फायदा मुलांपेक्षा मलाच जास्त झाला.

तेव्हापासून देताना छाती भरून आली की मी जरा सावध होतो. मनाला भावणारी गोष्ट आणि उपयोगी पडणारी गोष्ट एकच असेल असं नाही. आफ्रिकेतल्या पाणी उपसणाऱ्या मेरी-गो-राउंडचंच बघ. मुलं खेळतील, चक्र फिरेल, टाकी भरेल! कुणालाही आवडावी अशी कल्पना. २००६ च्या सुमारास मोठमोठी माणसं तिच्या पाठीशी उभी राहिली, हजारो पंप बसवायचं ठरलं. नंतर एका वृत्तपत्राने गणित मांडलं: ठरलेल्या संख्येच्या लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ते जड चक्र बायकाच ढकलत बसल्या, आणि खर्च साध्या हातपंपाच्या कैकपट. याउलट औषध लावलेली मच्छरदाणी. तिचा फोटो काढून कुणाचं मन हेलावणार? पण २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे जे ६६ कोटींहून जास्त रुग्ण टळले असा अंदाज आहे, त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा या मच्छरदाण्यांचा होता.

वस्तू पाठवायच्या भानगडीत तर पडूच नकोस. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ दरम्यान, मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी निघाली. मुदत संपलेली, तिथल्या आजारांशी संबंध नसलेली. ती नष्ट करायचा खर्चही बोस्नियाच्याच माथी. संकटाच्या जागी पैसा लागतो. काय घ्यायचं ते तिथल्या माणसांना कळतं.

आता तुझा लाडका प्रश्न, ‘प्रशासनावर किती टक्के खर्च?’ विचार, पण तिथेच थांबू नकोस. २०१३ साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं, की एवढ्या एका आकड्यावरून संस्था जोखू नका. आणि हे कोण म्हणतंय? संस्थांची पारख करणं हाच ज्यांचा धंदा, ते! हिशेबनीस न ठेवणारी संस्था कागदावर काटकसरी दिसते, मग तीन वर्षांनी घोळ बाहेर येतो. तुला मी काय सांगणार. मी स्वतः संस्थेला विचारतो, ‘तुमचं कोणतं काम फसलं?’ ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं की मी चहा संपवून उठतो.

आणि देशील ते शक्यतो अट न घालता, दरवर्षी थोडं थोडं दे. ‘माझ्या पैशातून फक्त वह्याच घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. विजेचं बिल भरणारा भेटत नाही.

राहिले ते दोन दिवस. तू मुलांना गणित शिकवायचं म्हणतोस. विनू, तुझ्या शिकवण्याचा मला अनुभव आहे, माझा भाचा अजून गणिताला घाबरतो. तू ताळेबंद वाचू शकतोस, लेखापरीक्षकासमोर बसू शकतोस. छोट्या संस्थांना हे करणारा माणूस पगार देऊन परवडत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर फायलींचा ढीग, कुणी फोटो काढणार नाही, कुणी बिलगणार नाही. चालेल तुला? दोन दिवस झेपणार नसतील तर एकच दिवस कबूल कर, पण तो चुकवू नकोस. प्रत्येक नवीन स्वयंसेवकाला काम समजावण्यात तिथल्या कुणाचा तरी आठवडा जातो आणि बहुतेकांचे नव्याचे नऊ दिवसच असतात. माझे तरी तेवढेच होते.

तुझ्या मनात ज्या दोन-तीन संस्था असतील त्यांचे गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागव आणि मलाही धाड. आकडे तू बघ, काम बघायला मी जाऊन येतो. त्या बालगृहालाही मला एकदा जायचंच आहे. तो मुलगा आता तिथे नसेल, मोठा झाला असेल, पण विचारून तरी बघतो.

रविवारी फोन करतो. तोवर चेक फाडू नकोस.

तुझाच,
दिगू