चालकाचा तास ८० टक्क्यांत बसवा : अमेरिकेच्या परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शॉन डफी,
परिवहन मंत्री, अमेरिका

विषय : ग्रामीण आणि उपनगरी बससेवेचा चालू खर्च

महोदय,

आपण मूळचे विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डचे. अ‍ॅशलँड काउंटीत आपण सरकारी वकील होतात, पुढे त्याच उत्तर भागाचे खासदार झालात. त्यामुळे अ‍ॅशलँडच्या ‘बार्ट’ची ओळख आपल्याला करून द्यायला नको. मराठी वाचकांसाठी सांगतो : ही सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट नव्हे. ही ‘बे एरिया रूरल ट्रान्झिट’, सुपीरियर सरोवराच्या काठच्या गावांची बस. तिच्यासारख्या शेकडो लहान सेवा देशभर आहेत. त्यांचा हिशेब कुठे बिघडतो, तेवढेच या पत्रात आहे.

५० हजारांहून कमी वस्तीच्या भागांतल्या बससेवेला कलम ५३११ खाली फेडरल निधी मिळतो. नवी गाडी घ्यायची तर ८० टक्के केंद्राचे. कार्यालय चालवायचे, म्हणजे व्यवस्थापकाचा पगार, विमा, हिशेबनीस, तर तेही ८० टक्क्यांपर्यंत. प्रतिबंधक देखभाल भांडवली खर्चात दाखवता येते, म्हणजे तीसुद्धा ८०. आणि चालकाचा पगार, पेट्रोल, फोन घेऊन गाड्या लावून देणारा डिस्पॅचर? तिकिटाचे पैसे वजा करून जी तूट उरेल तिच्या फार तर ५० टक्के. म्हणजे बसच्या व्हीलचेअर-लिफ्टला वंगण घालणाऱ्याचा तास ८० टक्क्यांत बसतो आणि तीच लिफ्ट चिखलात उभे राहून खाली उतरवणाऱ्याचा ५० मध्ये. दारी हत्ती झुलतो, चाऱ्याला दमडी नाही, असे आमच्याकडे म्हणतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. सहा गाड्यांची सेवा, वर्षाचा चालू खर्च ८ लाख डॉलर, तिकिटांतून ५० हजार. तूट साडेसात लाख. काउंटीने वा राज्याने ३ लाख ७५ हजार उभे करायचे. तेही केंद्राने पुरता अर्धा वाटा दिला तर, कारण ५० टक्के ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. आता तीच काउंटी दीड लाखाची नवी गाडी मागते, तेव्हा तिच्या खिशातून जातात ३० हजार. कोणत्याही काउंटी बोर्डाला यातले काय सोपे वाटेल? गाडी येते, फीत कापली जाते, आणि फेऱ्या होत्या तेवढ्याच राहतात.

त्या गाडीविषयीही दोन शब्द. बहुतेक ठिकाणी ती ‘कटअवे’ असते : फोर्ड ई-४५० ची चासी, पुढे व्हॅनचे नाक आणि मागे बसवलेली पेटी. तिचे किमान आयुष्य ५ वर्षे किंवा दीड लाख मैल धरतात. दिवसाला १५० मैल आणि वर्षाला २५० दिवस, म्हणजे साडेसदतीस हजार मैल. चार वर्षांत दीड लाख पुरे. गाडी बंद पडली की पहिली चौकशी इंजिनाची होते, पण ते बहुधा ठीक असते. रखडवते ती व्हीलचेअरची लिफ्ट. हातब्रेक ओढलेला असावा, लिफ्टचे दार पूर्ण उघडलेले असावे, तरच तिला वीज मिळते. हे इंटरलॉक सुरक्षेसाठी आहे आणि बरोबरच आहे. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ पायरीखालच्या जोडणीत शिरते, स्विचच्या पिना हिरव्या पडतात, दार उघडे असूनही यंत्राला ते बंद वाटते. चालक बटण दाबतो, काही हलत नाही. बाहेर उणे १५ तापमान, दाराशी व्हीलचेअरमधल्या आजी. मग हाताने पंप मारायचा दांडा शोधायचा, जो जागेवर असेलच असे नाही.

उपाय रोजचा आहे : सकाळी गाडी काढण्याआधी लिफ्ट एकदा पूर्ण खाली, पूर्ण वर. जोडण्यांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. दांडा क्लिपमध्ये आहे ना, ते पाहणे. मात्र ही तपासणी चालकाच्याच तासात होते, आणि तो तास कमी करण्याचाच दबाव असतो. लिफ्ट बिघडली तर नियम स्पष्ट आहे : दुसऱ्या दिवसाच्या सेवेआधी गाडी काढून घ्या. बदली गाडी नसेल तर ५० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या भागात फार तर ५ दिवस ती तशीच चालवा, मोठ्या भागात ३. नियमात खोट नाही. पण जिथला सर्वांत जवळचा लिफ्ट दुरुस्त करणारा दुसऱ्या काउंटीत असतो, तिथे ते पाच दिवस कधी संपले ते कळत नाही.

१४ आसनी गाड्याच का घेतल्या जातात, तेही सांगायला हवे. चालक धरून १६ किंवा अधिक माणसांची गाडी असेल तर व्यावसायिक परवाना आणि वर प्रवासी वाहतुकीची वेगळी परवानगी लागते. तो परवाना हातात असलेल्या माणसाला ट्रक कंपनी जास्त पैसे देते. म्हणून ग्रामीण सेवा एक पायरी खाली उतरते. त्यात प्रत्येक व्हीलचेअरला ३० बाय ४८ इंच मोकळी जागा द्यायची म्हणून घडीची आसने उचलली, की १४ ची गाडी आठ-दहावर येते.

या गाड्यांत बसते कोण? मोठा भाग डायलिसिसचा. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. जाण्याची वेळ नक्की असते, परतीची नाही. सुई काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, कुणाचा रक्तदाब उतरतो. परतीची वेळ २:१५ अशी ठोकून दिली, तर एक तर गाडी रिकामी थांबते, नाही तर रुग्ण मागे राहतो. जाणकार डिस्पॅचर दोन-तीन रुग्णांच्या खुर्च्यांच्या वेळा डायलिसिस केंद्राशी बोलून जवळजवळ आणून घेतो आणि परतीला अर्ध्या तासाची सैल खिडकी ठेवतो. हे काम सॉफ्टवेअरचे नाही, फोनवरच्या माणसाचे आहे, आणि तो माणूसही ५० टक्क्यांतच मोडतो.

त्यात पैसा दहा तोंडांनी येतो. मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेला, रुग्णाची ने-आण करावीच लागते, पण ती अनेक राज्यांत दलालामार्फत, म्हणजे फेऱ्या ठरवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, होते. दलालाची स्वस्त टॅक्सी आणि काउंटीची अर्धी रिकामी गाडी एकाच सकाळी एकाच रुग्णालयाकडे मागेपुढे जातात. वाहतुकीवर पैसे देणारे ८० फेडरल कार्यक्रम सरकारी लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये मोजले होते. एक ना धड, भाराभर चिंध्या. २००४ च्या आदेशाने या कार्यक्रमांची समन्वय परिषद झाली आणि तिचे अध्यक्षपद परिवहन मंत्र्यांकडे, म्हणजे आज आपल्याकडे आहे. मेडिकेडसारख्या कार्यक्रमाच्या वाहतूक करारातून आलेले उत्पन्न स्थानिक वाटा म्हणून दाखवायला ५३११ मध्ये मुभा आहे. ही मुभा अनेक लहान सेवांना नीट माहीत नाही. ज्यांना आहे, त्यांच्या हातात करारच नाही, कारण तो दलालाकडे गेला. आरोग्य खात्याला सोबत घेऊन एवढेच ठरवा : जिथे ५३११ ची गाडी त्याच दिशेला जाते, तिथे दलालाने आधी तिला विचारावे. याला नवा डॉलर लागत नाही.

आता उपनगरे. एडिसन, फ्रिस्को, केरी अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील दुकानापासून एका मैलावर असतात आणि तरी अडकलेले असतात.

उपनगरांचा पहिला घोळ जनगणनेचा. शहरी भागाची वस्ती २ लाखांवर गेली की केंद्राचा कलम ५३०७ चा, म्हणजे शहरी बससेवांचा, पैसा चालू खर्चाला वापरता येत नाही. सर्वाधिक गर्दीच्या वेळी १०० किंवा कमी बस चालवणाऱ्या सेवांना तेवढी मर्यादित सूट आहे. २०२० च्या जनगणनेचे नवे नकाशे २०२४ च्या आर्थिक वर्षापासून निधीला लागू झाले. त्यात एखादे गाव स्वतः न वाढताही शेजारच्या फुगलेल्या उपनगरात गिळले जाते, आणि गाडी, चालक, प्रवासी सगळे तेच असताना पैशाचा नियम बदलतो.

स्थानिक पैसा आटला की काय होते, ते अटलांटाच्या दक्षिणेच्या क्लेटन काउंटीने दाखवले. ३१ मार्च २०१० ला तिथली सी-ट्रॅन बससेवा बंद झाली, तीही देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळाच्या दारात. १९७१ मध्ये याच काउंटीने मार्टाला, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक सेवेला, नाही म्हटले होते. २०१४ मध्ये लोकांनी स्वतःवर एक टक्का विक्रीकर लावून घ्यायला मत दिले, आणि मार्च २०१५ मध्ये बस परत आली. मधली पाच वर्षे विमानतळावर, गोदामांत कामाला जाणारी माणसे कशी जात होती, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही.

दुसरा घोळ चक्राचा, म्हणजे एका बसला जाऊन-येऊन आणि विसावा धरून लागणाऱ्या वेळाचा, आणि तो वरिष्ठांना सहसा दिसत नाही. समजा मार्ग एका बाजूने ६ मैल. थांबे, सिग्नल धरून ताशी १४ मैल वेग पडला, तर जाऊन-येऊन ५२ मिनिटे. ८ मिनिटे विसावा आणि उशीर भरून काढायला. बरोबर ६० : एक बस, दर तासाला फेरी. मग हायवेला नवे वॉलमार्ट होते आणि नगरसेवक म्हणतात, बस आवारात घ्या. वळण, पार्किंगमधल्या गाड्या, स्पीडब्रेकर : दर दिशेला ४ मिनिटे. चक्र ६८. आता फेऱ्या ८:००, ९:०८, १०:१६ अशा सुटणार, म्हणजे वेळापत्रक कुणाच्या लक्षात राहणार नाही आणि तासाला सुटणाऱ्या ट्रेनशी जोड तुटणार. नाही तर दुसरी बस हवी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिसरेच होते : विसाव्याची ८ मिनिटे खाल्ली जातात. कागदावर चक्र पुन्हा ६०. रस्त्यावर चालकाला लघवीला जायला वेळ नाही, आणि एक व्हीलचेअर चढवून चारही पट्टे बांधायला पाच मिनिटे लागली की उरलेला दिवस उशिराचा.

दुसरी बस घेतली तर? दिवसाचे १२ तास, वर्षाचे २५५ दिवस, ३,०६० तास. तासाला ९० डॉलर धरले तर वर्षाला २ लाख ७५ हजार. मोठ्या बसचे आयुष्य १२ वर्षे धरतात, तेवढ्या काळात हे होतात ३३ लाख. त्यापुढे बसची किंमत किरकोळ आहे, आणि केंद्र हातभार लावते ते नेमके त्या किरकोळ भागाला.

यावर हल्ली एकच उत्तर ऐकू येते : मायक्रोट्रान्झिट. अ‍ॅपवर बोलवा, व्हॅन येईल. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्सन शहराने सप्टेंबर २०२० मध्ये ठरलेले मार्ग बंद करून हेच आणले. विरळ वस्तीत ते चांगले आहे, आम्ही विरोधात नाही. पण गणित पाहा. व्हॅन तासाला साधारण तीन माणसे उचलते. तासाला ६० डॉलर धरले तर माणशी २०. प्रवासी दुप्पट झाले की व्हॅनही दुप्पट, चालकही दुप्पट. ठरलेल्या मार्गावरच्या बसमध्ये १२ च्या जागी २४ बसले तर खर्च तोच राहतो. मायक्रोट्रान्झिट लोकप्रिय होते तेव्हाच तोट्यात जाते आणि मग ताटकळणे वाढते. जिथे तासाला आठ-दहा प्रवासी मिळतात, तिथे ठरलेला मार्गच हवा. आणि कुठेही असो, फोन नंबर हवा, कारण अ‍ॅप न वापरणारीच माणसे या गाडीची खरी गिऱ्हाइके आहेत.

तिसरी गोष्ट थांबा. सहा पदरी रस्त्याकडेला गवतात रोवलेला खांब, मागे पाण्याचा चर, समोर जायला झेब्रा पट्टे नाहीत, सिग्नल अर्ध्या मैलावर. रस्ता राज्याचा, बस काउंटीची, पदपथ असलाच तर टाउनशिपचा. बर्फ काढायचा कुणी, यावर पत्रव्यवहार. २०२२ मध्ये या देशात साडेसात हजारांहून अधिक पादचारी रस्त्यांवर मेले. व्हीलचेअरसाठी थांब्यावर काय लागते ते ठरलेले आहे : बसच्या दारापासून आत ८ फूट, रस्त्याला समांतर ५ फूट, पक्का, उतार १:४८ पेक्षा जास्त नको. चाळीस चौरस फूट काँक्रीट. रस्त्याचे पुन्हा डांबरीकरण केले की चौकातल्या पदपथाला उतार करणे २०१३ पासून बंधनकारक मानले जाते, पण जिथे पदपथ आणि पट्टेच नाहीत, तिथे हे बंधन लागूच होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच खात्याने थांब्यांसाठी नवे निकष स्वीकारले, तेही नव्या किंवा बदलल्या जाणाऱ्या थांब्यांना. गवतातल्या खांबाला कुणी हात लावत नाही, म्हणून तो नियमाबाहेर. यावर एक ओळ पुरे : बस जाते त्या रस्त्याच्या डांबरीकरणाला फेडरल पैसा हवा असेल, तर त्याच निविदेत प्रत्येक थांब्याचे काँक्रीट आणि जवळच ओलांडायची जागा धरा. थांबा चौकाच्या पलीकडच्या बाजूला हलवायचा असेल तर तोही तेव्हाच हलवा. यंत्रे, माणसे, वाहतूक वळवणे सगळे तेव्हा जागेवर असतेच.

पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात राज्यांच्या पूल निधीतला १५ टक्के वाटा फेडरल महामार्ग जाळ्याबाहेरच्या पुलांसाठी राखला आणि स्थानिक मालकीच्या अशा पुलांना १०० टक्के केंद्राचे पैसे दिले. उत्तम केले. त्याच पुलावरून जाणाऱ्या बसच्या चालकाला ५०. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० च्या केअर्स या मदत कायद्याने बससेवांना २५०० कोटी डॉलर दिले, १०० टक्के, स्थानिक वाट्याशिवाय, चालू खर्चासकट. तेव्हा आभाळ कोसळले नाही, उलट बस चालू राहिल्या.

त्या २०२१ च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ ची. त्याच्यामागून येणाऱ्या कायद्यात कलम ५३११ मधली चालू खर्चाची मर्यादा ५० वरून ८० करा, आणि ५३०७ खाली १०० बसपर्यंतच्या सेवांना हाच दर लागू करा. हे करताना निधीची रक्कम वाढवली नाही, तर राज्ये तेवढ्याच पैशात कमी सेवांना जास्त देतील आणि एखादी काउंटी उघडी पडेल. म्हणून दर आणि रक्कम एकत्र बदलावी लागेल. जनगणनेत रेषा ओलांडणाऱ्या गावांना जुन्या नियमावर पाच वर्षे राहू द्या. समन्वय परिषदेची बैठक कधी बोलावता, ते कळवा.

आपले,
अमेरिकेतल्या बससेवांचे नियोजन, देखभाल आणि वेळापत्रकांचे काम करणारे काही मराठी भाषक