भाव विचाराच, पण तोडा कधीचा तेही विचारा

महोदय,

शहरातल्या वसाहतींमध्ये भरणाऱ्या शेतकरी बाजारात माल घेऊन बसणारे आम्ही काही शेतकरी हे पत्र लिहीत आहोत. गिऱ्हाईक येते, ‘मेथी कशी दिली?’ विचारते, पाच रुपये कमी करायला सांगते आणि जुडी पिशवीत टाकून निघते. भाव जरूर विचारावा. पण ताजेपणा आणि वजन या दोन गोष्टींसाठी माणूस बाजार समितीच्या मालाऐवजी शेतकऱ्याकडे येतो, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी कोणी तपासत नाही.

2016 साली राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. तेव्हापासून ‘थेट शेतातून’ हा फलक स्वस्त झाला. एकाच ताडपत्रीवर सफरचंद, किवी, ढोबळी मिरची आणि मेथी शेजारी शेजारी असेल, तर तो माल मार्केट यार्डातून फिरून आलेला आहे एवढे समजावे. मात्र एका गाडीत आठ-दहा भाज्या दिसल्या म्हणून लगेच संशय घेऊ नये, कारण गावातले चार-पाच जण मिळून माल आणतात. खात्री करायची असेल तर भेंडीवाल्याला विचारा, ‘तोडा (काढणी) किती दिवसांनी?’ भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, दोन दिवस राहिली की जून होते. काकडीचेही तसेच. गवारीला तीन-चार दिवस मिळतात. ज्याच्या घरी प्लॉट आहे तो विचार न करता उत्तर देतो, पुढचा तोडा कधी तेही सांगतो. भेंडीचे टोक बोटाने मोडून पाहायला आमची हरकत नाही. कट्‌कन तुटली तर कोवळी, नुसती वाकली तर ठेवून द्या.

पालेभाजीबद्दल आम्हालाच कबुली द्यायला हवी. संध्याकाळी उपटलेली मेथी सकाळपर्यंत टिकावी म्हणून तिच्यावर पाणी मारले जाते. थोडे पाणी लागतेच, नाहीतर ती मान टाकते. पण ओल्या जुड्या एकावर एक रचून वर गोणपाट टाकले की आतल्या आत जुडी तापते. म्हणून वरून हिरवीगार दिसली तरी जुडीच्या मधोमध दोन बोटे घाला. आत गरम लागले तर ती रात्रीपर्यंत काळी पडणार. घरी नेल्यावर पहिले काम म्हणजे बंध सोडणे. मुळे कापा, पाला कागदावर पसरून वरचे पाणी सुकू द्या, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धुवायची ती चिरण्याआधी. धुऊन ठेवलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी चिकट झाली, तर तो दोष शेतकऱ्याचा नव्हे.

पालेभाजी आम्हाला परत नेता येत नाही. बाजार उठायच्या आधीच्या अर्ध्या तासात तिचा भाव आपोआप उतरतो. तेव्हा घासाघीस करायची असेल तर ती पालेभाजीत आणि त्या वेळेला करावी. कांदा, बटाटा, दुधी, लाल भोपळा दुसऱ्या दिवशीही विकतो, तिथे कोणी भाव तोडणार नाही. टोमॅटोत वेगळी गोम आहे. मार्केटला 20 किलोची जाळी (क्रेट) अख्खी विकली जाते. इथे तीच जाळी ताडपत्रीवर ओतावी लागते. पहिली दहा गिऱ्हाइके मोठी, लाल फळे वेचून नेतात आणि अकराव्यासाठी बारीक व चिरलेली उरतात. त्यात अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय! दाबलेले फळ त्या क्षणी चांगलेच दिसते, दुसऱ्या दिवशी तिथेच मऊ डाग पडतो, आणि तोवर ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेलेले असते. म्हणून निवडून घेणाऱ्यांचा ढीग वेगळा आणि सरसकटचा वेगळा, असे दोन भाव ठेवावेत असे आमचे मत आहे. आठवडाभराचे टोमॅटो घेताना अर्धे पिकलेले आणि अर्धे नुसती लाली धरलेले घ्या. कच्चट फ्रिजमध्ये घालू नका, तिथे रंग अडतो आणि चवही जाते.

आता काट्याबद्दल. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) खात्याकडून दरवर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. काट्यावर मोहोर असते, तिच्यात वर्ष आणि तिमाहीचे अक्षर दिसते, आणि पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले तर दाखवायला हवे. पण मोहोर ताजी असूनही वजन मारले जाऊ शकते, तेही काट्याला हात न लावता. समजा प्लॅस्टिकची पाटी दीडशे ग्रॅमची आहे. ती ठेवून काटा शून्य न करता अर्धा किलो गवार तोलली, तर तुमच्या पिशवीत साडेतीनशे ग्रॅमच पडते. म्हणजे 30 टक्के गेले, आणि तुम्ही दोन रुपयांसाठी भांडत बसलात. पाटी ठेवल्यावर आकडा शून्य झाला का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. दुसरे म्हणजे काट्याची समपातळी. काट्यावर गोल काचेत पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधल्या वर्तुळात हवा. उतारावर किंवा भुसभुशीत मातीवर ठेवलेला काटा चुकतो. काट्याचा तवा शेजारच्या जाळीला किंवा ताडपत्रीच्या घडीला टेकला तरी चुकतो. यात दर वेळी लबाडी नसते. घाईत आमचेही लक्ष जात नाही.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. काट्याच्या पट्टीवर कमाल आणि किमान वजन छापलेले असते. 30 किलोच्या काट्यावर ‘ई’ (e, म्हणजे काट्याचा पडताळणीचा टप्पा) पुढे 5 ग्रॅम असेल तर किमान वजन साधारण 100 ग्रॅम असते. त्याखाली तो भरवशाचा नाही. म्हणून 50 ग्रॅम आले किंवा मिरची त्यावर तोलून मागू नका. 100 ग्रॅम घ्या, नाहीतर सरळ वाटा घ्या. काटा पडताळायचा सोपा उपाय म्हणजे किराण्यातली न फोडलेली एक किलो मिठाची पिशवी. ती तव्यावर ठेवली की किलोच्या वर वेष्टनाचे थोडे ग्रॅम दिसायला हवेत. 950 दिसले तर पुढचे बोलणे आयोजकांशी करा. तेवढ्यावर भागले नाही तर वैधमापन खात्याकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

नाशिकमध्ये राहून कांद्याबद्दल सांगायचे म्हणजे धाडसच, तरी दर पावसाळ्यात साठवलेला कांदा सडल्याची तीच तक्रार येते म्हणून लिहितो. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधला. लाल कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी महिन्याभराच्या वर ठेवू नये. घेताना मान बारीक आणि मिटलेली हवी, पापुद्रे सुके हवेत. डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला कांदा आधी बाजूला काढा, त्याचा मधला दांडा आधी सडतो. गोणीत बांधून ठेवू नका, वारा लागेल अशा जागी फूटभर थरात पसरा आणि दर आठ दिवसांनी सडका वेचून टाका. शेजारी बटाटे नकोत.

द्राक्षांच्या हंगामात घडाच्या वरच्या खांद्याचा मणी चाखून गोडी ठरवू नका. घडाचे टोक शेवटी पिकते, तिथला मणी गोड असेल तर सगळा घड गोड. मण्यावरची पांढुरकी लव नैसर्गिक मेणाची असते, ती सगळीकडे सारखी दिसते. फवारणीचे डाग मात्र थेंबाथेंबाने, कडा धरून वाळलेले असतात.

‘सेंद्रिय’ या शब्दाबाबत थोडक्यात. लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह त्याने लावता कामा नये. हळद, मसाला किंवा तूप पाकिटात घेताना निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि अन्न सुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक पाहा.

आयोजकांकडे आमची मागणी छोटी आहे. प्रवेशाजवळ एक तपासणी काटा आणि एक किलो व अर्धा किलोची प्रमाणित वजने ठेवावीत, म्हणजे कोणालाही पिशवी पुन्हा तोलून पाहता येईल. प्रत्येक ताडपत्रीसमोर गाव, पीक आणि तोड्याचा दिवस खडूने लिहिलेली पाटी सक्तीची करावी. संध्याकाळच्या बाजारात पश्चिमेकडे सावलीसाठी हिरवी जाळी बांधावी, नाहीतर तास-दोन तासांत मेथी मान टाकते आणि मग पुन्हा पाणी मारावे लागते. पाल्याचा कचरा आम्ही गाडीतून परत नेऊ, जनावरांना होतो. काट्यासाठी टेबलही आम्ही आणू. वजने तेवढी शिक्क्याची द्या.

— शेतकरी बाजारात माल आणणारे काही शेतकरी, ता. दिंडोरी, जि. नाशिक