चि. दादूस, नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही

सेलू, जि. परभणी

चि. दादूस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, त्यात तुझे बाबा मधेच बोलत होते, म्हणून लिहूनच पाठवते. "आई, 2019 चा डबा आहे, विकून टाक, नवा घे," असं म्हणालास. घ्यायचा नाही. का ते नीट वाच.

विंडोज 11 टाकल्यापासून तो रेंगाळतोय हे खरंय. बटण दाबून चहा ठेवला तर चहा गाळून होतो, तरी चकरी फिरतच असते. इकडं खताची पावती मागत गिऱ्हाईक उभं. तरीपण विंडोज 10 वर परत जायचं नाही. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला, आणि दुकानाचा हिशोब, बँक, सप्टेंबरच्या पावसात बुडालेल्या सोयाबीनचे फोटो, सगळं याच मशीनवर आहे. अन् मागं फिरायची सोय अपग्रेडनंतर 10 दिवसच असते, ती मुदत कवाच गेली.

सुरुवातीला मी मुद्दाम हात लावला नाही. अपग्रेड झालं की विंडोज सगळ्या फायलींची शोधसूची नव्यानं बांधतं, राहिलेले अपडेट ओढतं, व्हायरसची तपासणी करतं. तेवढं उरकेपर्यंत कुठलंही मशीन जडच चालतं. पण आठवडा उलटून गेला तरी फरक नाही, तेव्हा कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, मशीनमध्ये कोण किती राबतंय ते तो दाखवतो.

प्रोसेसर निवांत बसलेला आणि डिस्क 100 टक्के! इथंच सगळे म्हणतात, डिस्क गेली. शेजारच्या पोरानंही तेच सांगितलं, वर "स्पीड वाढवायचं" कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर टाकू का म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितली, 'गुड' दाखवतंय. मग मेमरीच्या पानावर गेले. रॅम, म्हणजे चालू काम मांडायची जागा, 4 जीबी. म्हणजे विंडोज 11 ला लागते ती कमीत कमी, आणि ब्राउझर उघडायच्या आधीच ती भरत आलेली. रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज तिथला माल उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. आपल्या काउंटरवर जागा नसली की एकेका पिशवीसाठी गोदामात पळावं लागतं, तसलीच गत. म्हणजे दमलेली दिसते डिस्क, पण तिला दमवतीय रॅम.

आता डिस्कही काही हरिणाच्या चालीची नाही, हे मान्य. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे एका फेऱ्याला 8 मिलिसेकंदांहून जास्त. त्यात वाचणारी सुई इकडून तिकडं सरकणार. विखुरलेल्या बारक्या फायली ती सेकंदाला शंभरेकच वाचू शकते. एसएसडी म्हणजे चिपवर माल ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, ती हजारो वाचते. तेव्हा दोन्ही लागतील, पण आधी रॅम. रॅमची पट्टी बसवायचा एकच स्लॉट भरलेला आहे, दुसरा मोकळा, हे टास्क मॅनेजरच सांगतो. झाकण काढून पट्टीवरचं लेबल वाचलं: जात डीडीआर4, वेग 2400. त्यात डीडीआर3 ची पट्टी बसतच नाही, दुकानदार काही म्हणो. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय3 आहे. विंडोज 11 च्या यादीत तो बसतो आणि हिशोबाच्या कामाला रग्गड होतो. मग मशीन का विकायचं?

तोवर सुरू होतानाच उठणारी बिनकामाची मंडळी मी झोपवली: मीटिंगचं ॲप, प्रिंटरचा मदतनीस, फोटो वर पाठवत बसणारं ते सिंक. अँटिव्हायरसला हात लावला नाही. तेवढ्यानंही पावती आता बऱ्यापैकी लवकर निघतीय.

रॅम मी परभणीला गेले की घेते. संक्रांतीला येताना तू 500 जीबीची अडीच इंची साटा (ही जोडणीची जात) एसएसडी आण आणि सोबत साटाची केबल आण, इथं मिळाली नाही. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं आणि जुनी फोटोंसाठी आतच ठेवायची. हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवलीय. तू मात्र तिकडून लांबून जोडून घेऊन फॉरमॅट मारू नकोस. तुझा हात लई चालतो.

तुरीला शेंग बरी लागलीय. बाबा फवारणीच्या मागं आहेत.

तुझी,
आई

ता. क. मी रोज रात्री शटडाउन करते, तरी टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम', म्हणजे न थांबता चालू असल्याचा वेळ, कितीतरी दिवसांचा दिसत होता. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच परत उठवतात. सगळं कोरं व्हायचं तर रीस्टार्टच करावं लागतं. तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही एकदा बघून घे.