फोटोओळ देण्याआधी कुरवाचा डोळा पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात पहिल्या पानावर मांडव्याच्या लाँचमागे उडणाऱ्या पक्ष्यांचा मोठा फोटो आहे. फोटो फार सुरेख टिपला आहे. खाली ओळ आहे, ‘सायबेरियाहून आलेले सीगल’. थंडी पडली की जवळपास सगळीच वर्तमानपत्रे अशी ओळ छापतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोटोत अगदी पुढे असलेल्या पक्ष्याचा डोळा फिकट, जवळजवळ पांढरा आहे. पंखाच्या काळ्या टोकात ठसठशीत पांढरा ठिपका आहे. हा तपकिरी डोक्याचा कुरव. कुरव म्हणजेच सीगल. त्याची वीण सायबेरियात होत नाही. तिबेटचे पठार, पामीरचा डोंगराळ भाग आणि आपले लडाख ही त्याची घरटी करण्याची ठिकाणे.

मी अलिबागची. नोकरीनिमित्त पावसाळा सोडून माझे लाँचने जाणे-येणे असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कुरव सोबतीला असतात. लाँचमागे त्यांच्या मुख्यतः दोन जाती दिसतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी असतात, डोळ्यामागे तेवढा एक काळपट डाग उरतो. चोच लाल, पाय लाल, पाठ राखाडी. त्यामुळे डोक्याच्या रंगावरून ओळखायला गेले की फसगत ठरलेली. मार्चमध्ये डोक्यावर रंग चढू लागतो, पण तेव्हाही काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके खरे तर गडद चॉकलेटीच असते.

लाँचच्या कठड्याशी कुरव वाऱ्यावर तरंगत येतो तेव्हा तो हातभर अंतरावर असतो. त्या क्षणी डोळा बघावा. पूर्ण वाढ झालेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, मधली बाहुली टाचणीच्या डोक्यासारखी उठून दिसते आणि भोवती लाल कडा असते. त्याने चेहऱ्याला जरा रागीट छटा येते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, म्हणून चेहरा सौम्य वाटतो. तपकिरी डोक्याचा कुरव अंगानेही थोडा थोराड, चोच जाड. दोघे जेट्टीच्या खांबांवर शेजारी बसले असतील तर हा फरक चटकन कळतो, एकटा असेल तर मात्र आकारावर विसंबू नये.

खरा पुरावा पंखात असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक चांगले रुंद काळे असते आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असते. लांबट पांढरा त्रिकोणच म्हणा. काळा रंग त्याच्या मागच्या बाजूला बारीक किनारीसारखा येतो. पक्षी दूर असला तरी हा त्रिकोण लख्ख दिसतो.

अडचण येते ती पिल्लांची. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडद असतो आणि पंखात ठिपके आलेले नसतात. अशा वेळी डोळा सोडून द्यायचा आणि पंखाचे टोक किती काळे आहे ते पाहायचे. शेपटीवर काळा पट्टा आणि पंखावर तपकिरी डाग असले की पक्षी लहान आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

एवढ्या बारकाव्याचे काय अडले आहे, असे कुणी म्हणेल. माझ्या मते पुष्कळ अडले आहे. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून पूर्व आशियापर्यंत प्रचंड पट्ट्यात वीण करतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे तसे नाही, त्याची भिस्त उंचावरच्या तलावांवर आणि पाणथळींवर आहे. लडाखमधले साडेचार हजार मीटर उंचीवरचे त्सो कार हे त्यांतलेच एक. २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाले. तिथे पर्यटकांच्या गाड्या थेट काठापर्यंत जाऊ लागल्या, भटकी कुत्री वाढली, तर जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याचे काय होणार? आपल्या वाचकांतले कितीतरी जण उन्हाळ्यात लडाखला जातात. डिसेंबरात ज्याचा फोटो काढला तोच पक्षी तिथे अंडी उबवतो, हे त्यांना वर्तमानपत्राने सांगितले तर ते गाडी लांब उभी करतील, अशी मला खात्री वाटते. सायबेरियाचे नाव छापले की ही ओळखच पुसली जाते.

आणखी एक विनंती. रविवारच्या फोटोत एक हात गाठिया उंच धरून उभा आहे. मासे, किडे, कोळंबी खाणाऱ्या पक्ष्यांना तळलेले, खारट बेसन खाऊ घालणे चूकच आहे आणि पहिल्या पानावर असा फोटो आला की लाँचवर गाठियाच्या पुड्या आणखी फुटतात. असे फोटो कृपया निवडू नयेत.

पाच ते बारा नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो, कुरव येण्याचाही तोच काळ. त्या आठवड्यात दोन्ही कुरवांचे पंख पसरलेले फोटो शेजारी शेजारी छापावेत. तुमच्या छायाचित्रकारांकडे ते नक्की असतील. नसल्यास सकाळच्या लाँचच्या मागच्या बाजूला उभे राहावे, ऊन पाठीशी येईल असे.

आपली,
एक नियमित वाचक, अलिबाग